वांगणीच्या बाळाचं नाक

जव्हार-मोखाड्यात तान्हं बाळ दगावलं की पहिली धावपळ होते ती कारणाचा रकाना भरायची. कुपोषण लिहिलं तर वरपर्यंत चौकशी लागते, विधानसभेत प्रश्न येतो, वर्तमानपत्राचा माणूस गाडी करून पाड्यावर येतो. म्हणून न्यूमोनिया लिहितात, जन्मतः कमी वजन लिहितात, दूध श्वासनलिकेत गेलं असं लिहितात. मग साहेब मंडळी पत्रकारांना सांगतात की हा कुपोषणाचा मृत्यू नाही, आजाराचा आहे. मी या भागात आरोग्यसेविका म्हणून नोकरी केली, निवृत्तही झाले, आणि हे वाक्य ऐकून आजही माझं रक्त तापतं. दोन किलोच्या बाळाला सर्दी होते, नाक चोंदतं, त्याला अंगावर पिता येत नाही, दोन दिवसांत ते गळून जातं आणि मग छाती भरते. यात कुपोषण कुठे संपलं आणि आजार कुठे सुरू झाला, ते त्या साहेबांनी मला बोट ठेवून दाखवावं.

वावर-वांगणी हे नाव महाराष्ट्राला कशामुळे कळलं, ते माझ्या वयाच्या माणसांना सांगायला नको. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातल्या या पाड्यांवर शंभराहून अधिक बालकं गेली. मुंबई इथून जेमतेम दीडशे किलोमीटर. तेव्हा आम्ही ठाणे जिल्ह्यात होतो. पुढारी आले, गाड्यांचे ताफे आले, जव्हारला अपर जिल्हाधिकाऱ्यांचं कार्यालय झालं. नव्वदच्याच दशकात नवसंजीवनी योजना आली, २००५ मध्ये राजमाता जिजाऊंच्या नावानं कुपोषणाविरुद्ध मिशन निघालं, १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला, मग अमृत आहार आला. कचेऱ्या जवळ आल्या, फलकांवरची नावं बदलत गेली. पण 'बाळाचं नाक चोंदलं तर काय करायचं हे तुला कुणी हात धरून दाखवलंय का,' असं मी पाड्यापाड्यावर आयांना विचारत आले, आणि बहुतेकींनी नुसती मान हलवली. काय करू नये याची यादी मात्र प्रत्येकीला पाठ होती. धूर करू नको, बाळगुटी देऊ नको, भगताकडे जाऊ नको. तीस वर्षांत आपण त्या आईला नुसते नकार शिकवले.

शहरातल्या वाचकाला वाटेल, चोंदलेल्या नाकासाठी एवढा आरडाओरडा कशाला? सर्दी आठवडाभरात जाते, दहा दिवस लागले तरी जाते. जाते, हे खरं. धडधाकट बाळाला वर्षात सहा-आठ वेळा सर्दी होते आणि त्यातून ते सुखरूप बाहेर येतं. पण पहिले काही महिने बाळ मुख्यतः नाकानंच श्वास घेतं. नाक बंद झालं म्हणून आपल्यासारखा तोंडानं सहज श्वास घेणं त्याला अजून नीट जमत नाही. त्याच्या नाकपुडीची वाट आधीच काही मिलिमीटरची. अशा वाटेची रुंदी निम्मी झाली की हवेला होणारा अडथळा दुप्पट होत नाही, सोळापट होतो. आतून थोडी सूज आणि वर वाळलेली शेंबडाची एक खपली, एवढ्यानं ते बाळ श्वासासाठी झगडायला लागतं. आणि दूध पिताना तोंड तर आईच्या अंगाशी बंद असतं. दोन घोट घेतं, सुटतं, रडतं, पुन्हा धरतं, पुन्हा सुटतं. आईला वाटतं, याला भूक नाही. सासूला वाटतं, हिला दूध नाही. घरात कुणालाच नाक दिसत नाही.

तीन-साडेतीन किलोचं गुटगुटीत बाळ हे दोन दिवस रेटून नेतं, कारण त्याच्या अंगात शिल्लक असते. आमच्याकडचं दोन-सव्वादोन किलोचं बाळ रेटू शकत नाही. त्याच्या आईचं वजन चाळीस किलोच्या आसपास, अंगात रक्त कमी, बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत ती पुन्हा डोक्यावर हंडा घेऊन उतारावर. बाळाचं पिणं थांबलं की त्याचं अंग गार पडायला लागतं. गार पडलेलं बाळ आणखी कमी ओढतं. ओढलं नाही तर दूधही आटत जातं. हे चक्र एकदा फिरायला लागलं की पाड्यावरून रुग्णालयापर्यंत पोचायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ त्या बाळाजवळ नसतो. म्हणूनच चोंदलेलं नाक ही आमच्या डोंगरात किरकोळ तक्रार नाही. पुढच्या सगळ्या मालिकेतली ती पहिली कडी आहे, आणि तोडायला सगळ्यात सोपी कडीही तीच आहे.

सोपी म्हणजे किती सोपी, ते मी सविस्तर सांगणार आहे, कारण ते सांगायची तसदीच कुणी घेत नाही.

औषधांच्या दुकानात मिठाच्या पाण्याचे नाकात घालायचे थेंब मिळतात. त्यात दुसरं कोणतंही औषध नसतं, शंभर भाग पाण्याला एक भागही नाही एवढं मीठ. बाटलीवर 'सोडियम क्लोराइड ०.९ टक्के' किंवा '०.६५ टक्के' एवढंच लिहिलेलं असतं. घेताना ते वाचून घ्यायचं, कारण शेजारच्याच फळीवर तशाच दिसणाऱ्या बाटलीत मोठ्यांचं नाक झटक्यात उघडणारं औषध असतं. त्याबद्दल पुढे बोलते. दुकान दूर असेल तर घरी करता येतं. एक लिटर पाणी खळखळ उकळायचं, झाकून कोमट होऊ द्यायचं, त्यात साध्या मिठाचे दीड सपाट चमचे घालायचे. चमचा म्हणजे औषधाच्या बाटलीबरोबर येणारा पाच मिलिलिटरचा, आमटीचा नव्हे. भांडं, चमचा, हात, सगळं साबणानं धुतलेलं. हे पाणी त्या दिवसापुरतंच. रात्री उरलं तर फेकून द्यायचं, सकाळी नवं करायचं. मीठ जास्त झालं तर नाक झोंबतं आणि बाळ किंचाळतं, म्हणून अंदाजपंचे चिमूट टाकायची नाही.

बाळाला मांडीवर उताणं घ्यायचं, मान किंचित मागे, आणि एकेका नाकपुडीत एक-दोन थेंब सोडायचे. धार नाही, थेंब. ड्रॉपर नसेल तर उकळून घेतलेल्या स्वच्छ कापडाचं टोक भिजवून थेंब गाळायचा. मग अर्धा-एक मिनिट थांबायचं. हे थांबणं फार महत्त्वाचं आहे आणि तेच कुणी करत नाही. त्या मिनिटात वाळलेली खपली भिजते, चिकट शेंबूड पातळ होतो. बाळाला शिंक आली तर काम झालंच. नाही आली तर मऊ सुती कापडाचा कोपरा पिळून त्याची वात करायची, ओली करायची आणि नाकपुडीच्या तोंडाशी फिरवून जे बाहेर आलंय तेवढंच टिपायचं. आत घुसवायचं नाही. काडीला कापूस गुंडाळून तर मुळीच नाही. रबरी फुग्याची पिचकारी असेल तर फुगा आधी दाबायचा, टोक नाकपुडीच्या दाराशी धरायचं, मग हळूच सोडायचा. दिवसातून दोन-चार वेळा, त्याहून जास्त नको, नाहीतर ओढूनओढून आतलं अस्तर सुजतं आणि नाक होतं त्याहून जास्त बंद पडतं.

आणि हे सगळं पाजण्याच्या आधी करायचं. दहा-पंधरा मिनिटं आधी. पाजल्यानंतर केलं तर बाळ ओकेल. नाक मोकळं करायचं ते पिता यावं म्हणूनच. पिणं सुरू राहिलं की अर्धी लढाई आपण जिंकलेली असते. एका वेळी थोडंच पितंय तर पुन्हापुन्हा पाजायचं. अंगावर अजिबात ओढता येत नसेल तर आईनं दूध पिळून वाटी-चमच्यानं द्यावं. बाळाला उभं धरून खांद्यावर घेतलं की त्याला श्वास सोपा जातो. झोपवताना मात्र पाठीवर आणि सपाट, डोक्याखाली उशी नाही. टोपी, पायमोजे, आईच्या उघड्या छातीशी बाळाची उघडी छाती आणि वरून घोंगडी. जव्हारची थंडी ज्यांनी कुडाच्या घरात काढली आहे त्यांना हे का म्हणते ते कळेल. कारवीच्या कुडाला कितीही शेण लिंपलं तरी पहाटेचा वारा फटीतून आत येतोच.

एवढंच आहे. मीठ, पाणी, कापड, एक मिनिट. यात कुठे बाईला बारावी पास व्हावं लागतं?

तरी आम्ही तिला अडाणी म्हणतो. बैठकांमध्ये, अहवालांमध्ये, चहाच्या टपरीवर. 'यांच्यात जागरूकता नाही.' मी या वाक्याची शत्रू आहे. ज्या बाईला कुणी काही दाखवलंच नाही, ती आपल्या आईनं, सासूनं, सुईणीनं जे दाखवलं ते करते, आणि ते ती बाळाच्या मायेपोटी करते. त्यातलं काही निरुपद्रवी आहे. तव्यावर शेकलेल्या ओव्याची पुरचुंडी बाळाच्या जवळपास ठेवली तर काही बिघडत नाही, अंगाला मात्र लावू नये, भाजतं. टाळूवर वेखंड थापलं म्हणून नाक उघडत नाही, पण त्यानं बाळ मरतही नाही. उगाळून पाजलं तर मात्र ते औषध राहत नाही. काही गोष्टी मात्र सरळ घातक आहेत आणि त्या तेवढ्याच स्पष्टपणे सांगायला हव्यात. नाकात खोबरेल सोडणं ही त्यातली पहिली. मालिश करणारी बाई आंघोळीच्या वेळी नाकात, कानात तेल सोडते. कधी बाळाच्या नाकात फुंकर मारते, कधी तोंड लावून ओढते. ते तेल घशातून फुफ्फुसात उतरतं, खोकल्यानं बाहेर पडत नाही, तिथेच बसतं आणि त्यानंच न्यूमोनिया होतो. ही गोष्ट पाड्यावर जितकी होते तितकीच पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्येही होते, फक्त तिथे तिला परंपरा म्हणतात. ओवा आणि लसणीच्या सालांची धुरी तशीच. बंद घरात आधीच चुलीचा धूर, त्यात ही भर. सुजलेल्या नाकाला धूर म्हणजे आणखी सूज. आणि उकळत्या पाण्याच्या भांड्यावर बाळाला धरून वाफारा देणं तर कुणीच करू नये. वाफेनं आणि पाणी सांडून भाजलेली मुलं मी पाहिली आहेत.

चटक्यांचं काय सांगू? २०२५ च्या फेब्रुवारीत मेळघाटातल्या सिमोरीत बावीस दिवसांच्या आजारी बाळाच्या पोटावर तापवलेल्या विळ्यानं पासष्ट चटके दिल्याची बातमी आली, तेव्हा सगळा महाराष्ट्र हळहळला. गुन्हा दाखल झाला, तो व्हायलाच हवा होता. पण त्या घरापासून मदत किती लांब होती आणि ती वेळेवर मिळेल असा विश्वास त्या घराला का नव्हता, याचा गुन्हा कुणावर दाखल झाला?

आता त्या दुसऱ्या बाटलीकडे येते. आमच्या बाजाराच्या दिवशी किराणा मालाच्या दुकानातही सर्दीचं औषध मिळतं. आई बाळ घेऊन जाते, दुकानदार विचारत नाही किती महिन्यांचं, बाटली देतो. मोठ्यांचं नाक उघडणारे थेंब आतल्या रक्तवाहिन्या आवळून काम करतात. तेच तान्ह्या बाळाच्या नाकात पडले तर औषध रक्तात उतरतं, बाळ गुंगतं, हृदयाचे ठोके मंदावतात, श्वास थांबू शकतो. बामचंही तेच. डबीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की दोन वर्षांखालच्या मुलांना लावू नये. ती अक्षरं वाचायला त्या आईला शाळा मिळाली नाही, आणि जाहिरातीत मात्र हसऱ्या आईचं रंगीत चित्र. बाममध्ये कापूर असतो, मेंथॉल असतं. तान्ह्या बाळाच्या नाकाशी मेंथॉल चोळलं तर त्याचा श्वास अडखळू शकतो, कापूर पोटात गेला तर झटके येतात. थंडगार वाटतं म्हणून नाक उघडलं असा भास मोठ्यांना होतो, बाळाची नाकाची वाट मात्र होती तेवढीच राहते.

आणि ती गोड गुलाबी सिरपं. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याच्या मुलांचं काय झालं ते आठवा. साधा सर्दी-खोकला झाला म्हणून 'कोल्ड्रिफ' नावाचं सिरप पाजलं आणि मूत्रपिंडं निकामी होऊन वीसहून अधिक मुलं गेली. त्यातली कित्येक आपल्या नागपूरच्या रुग्णालयांत आणलेली होती. तमिळनाडूतल्या एका कंपनीचं ते औषध, आणि तपासणीत त्यात ४८ टक्क्यांहून अधिक डायएथिलीन ग्लायकॉल निघालं. हे कारखान्यांत वापरायचं विष आहे. महाराष्ट्राला हे विष नवीन नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीननं चौदा माणसं गेली, न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला, औषध प्रशासनातली सडलेली साखळी त्यांनी जाहीरपणे उघडी केली. पुढे त्याच विषानं जम्मूत रामनगरला मुलं गेली, आपल्या देशातून गेलेल्या सिरपांनी गांबियात मुलं गेली, मग छिंदवाडा.

कुणी म्हणेल, तो भेसळीचा अपघात होता. मला त्याहून पुढचं म्हणायचं आहे. भेसळ नसती तरी ते औषध त्या मुलांपैकी बहुतेकांना द्यायचंच नव्हतं. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलएफ्रिन यांचं हे मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये आणि तसं बाटलीवर छापावं, हे केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच सांगितलं होतं. मुलं मेल्यावर ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं पुन्हा सांगितलं की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्या-सर्दीची औषधं लिहूच नयेत आणि पाच वर्षांपर्यंतही ती सहसा देऊ नयेत. दिल्लीत कागद निघाला. तो कागद जव्हारच्या बाजारातल्या किराणा दुकानाच्या फळीपर्यंत कोण घेऊन जाणार होतं? बाटली पोचते, रस्ता नसलेल्या पाड्यावरही पोचते. इशारा पोचत नाही. मिठाच्या पाण्यात नफा नाही, म्हणून त्याचा जाहिरातवाला नाही, त्याचा विक्री प्रतिनिधी नाही, त्याच्यासाठी कुणी डॉक्टरच्या दारात बॅग घेऊन बसत नाही. तिथे सरकारनं उभं राहायला हवं होतं. ते राहिलं नाही.

नाक मोकळं करण्याइतकंच महत्त्वाचं आहे ते नुसतं नाकच चोंदलंय की छातीही भरली आहे हे ओळखणं. हे ओळखायला एक्स-रे लागत नाही, डॉक्टरही लागत नाही. बाळ शांत असताना त्याच्या पोटावरचं कापड बाजूला करायचं आणि पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. दोन महिन्यांखालचं बाळ मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास घेत असेल, दोन महिने ते एक वर्षाचं पन्नास किंवा जास्त, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत चाळीस किंवा जास्त, तर ती नुसती सर्दी नाही. श्वासागणिक बरगड्यांखाली खळगा पडत असेल, बाळ कण्हत असेल, ओठ निळसर दिसत असतील, पिणं सोडलं असेल, झटका आला असेल, उठवूनही उठत नसेल, तर एक क्षण न घालवता निघायचं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तरी निघायचं आणि अंग गार पडलं तरी निघायचं. तापाला सगळे घाबरतात, गार अंगाला कुणी घाबरत नाही, आणि ते तापाइतकंच वाईट असतं.

'निरक्षर बाईला हे मोजता येणार नाही' असं म्हणणाऱ्यांना गडचिरोलीनं केव्हाच उत्तर दिलं आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'नं १९८८ पासून तिथल्या गावांत न्यूमोनियावर काम केलं. डबा, लहाक असं लोक ज्याला म्हणतात तो हाच आजार, हे त्यांनी आयांकडून समजून घेतलं. साठपर्यंत मोजता न येणाऱ्या सुइणींसाठी एक साधन तयार केलं. लाकडी पट्टीवर मणी आणि शेजारी एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर न्यूमोनिया. त्या सुइणींनी, आरोग्यदूतांनी मोजलं, गोळ्या दिल्या, मुलं वाचवली. १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात, गावातच उपचार मिळालेल्या न्यूमोनियाच्या मुलांपैकी शंभरात एकही पूर्ण दगावलं नाही, आणि ही सोय नसलेल्या गावांत ते प्रमाण शंभरात तेराच्या वर होतं. ही १९९० ची गोष्ट. वावर-वांगणीची मुलं त्यानंतर दोन वर्षांनी गेली. उत्तर याच राज्यात तयार होतं. ते गडचिरोलीहून जव्हारला आणायला कुणाचे पाय मोडले होते?

पुढे 'सर्च'च्याच कामावरून देशभर आशांच्या घरभेटी सुरू झाल्या, हे मला मान्य आहे आणि त्याचं मोल मी कमी करणार नाही. आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात म्हणून कितीतरी बाळं जगली. पण त्या भेटींचं वेळापत्रक बघा. रुग्णालयात बाळंतपण झालं तर तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. त्यानंतरची ठरलेली भेट थेट तिसऱ्या महिन्यात, मग सहाव्या, नवव्या, बाराव्या, पंधराव्या. बेचाळीस दिवसांनंतर तिसऱ्या महिन्यापर्यंत ज्या बाळाचा जीव अजून नाकावरच अवलंबून आहे, त्याच्याकडे बघायला यादीनुसार कुणी येत नाही. आणि पहिल्या बेचाळीस दिवसांच्या त्या सगळ्या भेटींचा मोबदला किती, तर अडीचशे रुपये. डोंगर चढून, ओढा ओलांडून, पावसात. तेवढ्या पैशात शहरातला माणूस बाळाच्या डॉक्टरच्या दारातही उभा राहू शकत नाही. तिच्या पिशवीत तापमापक असतं, वजनकाटा असतो, घोंगडी असते. मिठाच्या पाण्याच्या थेंबांची बाटली माझ्या पाहण्यात तरी आली नाही.

केंद्र सरकारचं 'सांस' नावाचं अभियान आहे, न्यूमोनियाविरुद्ध. २०१९ मध्ये ते निघालं. दरवर्षी १२ नोव्हेंबरला सुरू होतं आणि फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत चालतं. हेतू चांगला, मार्गदर्शक पुस्तिका चांगली, आशाताईंनी श्वास मोजावा आणि रुग्णालयात पाठवण्याआधी अमॉक्सिसिलिनचा पहिला डोस द्यावा हेही त्यात आहे. पण नोव्हेंबरात जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावर कोण असतं? भात कापून झालं, दिवाळी झाली की घरांना कड्या लागतात. कुटुंबंच्या कुटुंबं वाडा, भिवंडी, वसईच्या वीटभट्ट्यांवर जातात, पावसाळ्याच्या तोंडावर परत येतात. मुकादमानं आगाऊ रक्कम दिलेली असते, त्यामुळे बाळ आजारी म्हणून मागे राहायची सोय नसते. तान्हं बाळ भट्टीजवळच्या पेंढ्याच्या झोपडीत, एका बाजूला विटांची धूळ, दुसऱ्या बाजूला भट्टीचा धूर. नाक चोंदायला याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही. त्याची आशा गावी, त्याचं लसीकरणाचं कार्ड गावी, त्याचा अंगणवाडीचा आहार गावी. न्यूमोनियाची लस २०२१ पासून राज्यात सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, दीड महिन्याला, साडेतीन महिन्यांना, नऊ महिन्यांना. भट्टीवरच्या बाळाचा साडेतीन महिन्यांचा डोस कोण देणार? भिवंडीची यंत्रणा म्हणते, हे आमच्या यादीत नाही. जव्हारची म्हणते, ते इथे नाही. बाळ कुणाच्याच यादीत नसतं, तोपर्यंत, जोपर्यंत ते मरत नाही. मेल्यावर मात्र ते दोन्हीकडच्या आकड्यात येऊ नये म्हणून खटपट होते. २००१ च्या 'कोवळी पानगळ' अहवालानं दाखवून दिलं होतं की सरकारी नोंदीपेक्षा खरे बालमृत्यू कितीतरी जास्त असतात. त्यालाही आता पाव शतक होत आलं.

पाड्यावरून निघालं तरी काय? २०२२ च्या ऑगस्टमध्ये मोखाड्याच्या मर्कटवाडीत जुळी बाळं गेली आणि रक्तस्राव होणाऱ्या त्यांच्या आईला दगडधोंड्यांच्या उतारावरून डोलीत घालून न्यावं लागलं. जव्हारला पतंगशहा कुटीर रुग्णालय आहे, मोखाड्याला ग्रामीण रुग्णालय आहे, तिथले काही लोक जिवापाड राबतात हे मी जवळून पाहिलं आहे. पण बाळ जास्त गंभीर असेल तर पुढे नाशिक, घाटाचा रस्ता. मिनिटाला सत्तर श्वास घेणाऱ्या बाळाला त्या रस्त्यावर नेण्यापेक्षा ते पन्नासवर असताना पाड्यावरच ओळखणं किती स्वस्त पडलं असतं, याचा हिशेब मंत्रालयातल्या कुणीतरी करावा.

मला मोठं रुग्णालय नको, नवं मिशन नको, नव्या नावाची योजना तर मुळीच नको. येत्या दसऱ्याच्या आत जव्हार, मोखाडा आणि विक्रमगडच्या प्रत्येक आशाताईच्या पिशवीत मिठाच्या पाण्याच्या थेंबांच्या बाटल्या द्या आणि प्रत्येक बाळंतिणीला त्यातली एक हातात द्या. बाटली देताना तिच्याच बाळाच्या नाकात तिच्याच हातानं थेंब घालून घ्या, एक मिनिट थांबायला लावा, मग अंगावर लावायला सांगा. श्वास कसे मोजायचे ते तिला आणि तिच्या सासूला दोघींना दाखवा, मणी लागत असतील तर मणी द्या. न्यूमोनियाची मोहीम आमच्याकडे दिवाळीच्या आधी घ्या, घरांना कड्या लागायच्या आत. बेचाळिसाव्या दिवसानंतर तिसऱ्या महिन्यापर्यंत दर पंधरा दिवसांनी एक भेट वाढवा आणि त्या भेटीचे आशाताईला नीट पैसे द्या. स्थलांतर करणाऱ्या प्रत्येक बाळाची नोंद भट्टी ज्या तालुक्यात आहे तिथल्या आरोग्य केंद्राकडे ते निघायच्या दिवशी पोचवा, भट्टीमालकाच्या नावासकट. आणि बाजारातल्या किराणा दुकानांमधून सर्दीची सिरपं आणि मोठ्यांचं नाक उघडणारे थेंब उचला. अन्न व औषध प्रशासनाची माणसं मुलं मेल्यावर नमुने घ्यायला येतात, त्यांनी या वर्षी आधी यावं, जव्हारच्या बाजाराच्या दिवशी यावं. कोणत्या दुकानात काय मिळतं ते मी त्यांच्याबरोबर फिरून दाखवीन.